मिठाखालचे तेल आणि मालकीचा प्रश्न

खनिज तेलाच्या राजकारणाविषयी समाजवादी चळवळीत पुष्कळ बोलले जाते. परंतु ते तेल सापडते कसे, याचा विचार फार थोडा होतो. तेलाच्या किमती, तेलासाठी झालेली युद्धे, तेल कंपन्यांची मक्तेदारी हे विषय शिबिरांतून आणि अभ्यासवर्गांतून वारंवार येतात. पण समुद्राच्या पोटातला साठा हुडकून काढणे हे जणू तंत्रज्ञांचे खाजगी प्रकरण आहे आणि मालकीचा प्रश्न तेल हाती आल्यानंतरच उद्भवतो, अशी एक समजूत रूढ आहे. ही समजूत चुकीची आहे आणि तिचा लाभ नेमका भांडवलदारी पक्षालाच मिळतो. मालकीचा प्रश्न विहिरीच्या तोंडाशी सुरू होत नाही. तेल आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते, त्या काळातच तो सुरू झालेला असतो. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे ३०० किलोमीटर दूर, समुद्रतळाखालच्या मिठाच्या प्रचंड थराखाली सापडलेल्या तेलाचा इतिहास हा याचा स्पष्ट पुरावा होय.

निसर्गाने झाकून ठेवलेली ठेव

प्रथम निसर्गाची बाजू ध्यानात घ्यावयास हवी. सुमारे बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका ही खंडे एकमेकांपासून विलग होऊ लागली होती. त्यांच्यामधील भूभाग खचून तेथे आरंभी मोठमोठी सरोवरे निर्माण झाली. सरोवरांच्या तळाशी सूक्ष्म जीवांचे अवशेष गाळात मिसळून साचले. त्याच सरोवरांत शिंपल्यांचे आणि सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने घडलेल्या चुनखडीचे सच्छिद्र थरही तयार झाले. पुढे फट रुंदावली आणि समुद्राचे पाणी आत शिरले. परंतु ते मोकळेपणी वाहू शकले नाही. ते आटत राहिले, पुन्हा भरत राहिले. मिठागरात एका हंगामात जे घडते तेच येथे अतिविशाल प्रमाणावर दीर्घकाळ घडले आणि मिठाचे थर एकावर एक साचत गेले. कित्येक ठिकाणी या थराची जाडी २,००० मीटरच्या घरात आहे. त्यानंतर महासागर उघडला, खंडे दूर गेली आणि मिठावर नवा गाळ बसला. ब्राझीलसमोरच्या समुद्रात जसे हे मीठ आहे तसेच ते महासागरापलीकडे अंगोलासमोरही आहे, त्याचे कारण हेच.

गाळातील अवशेषांचे उष्णतेने आणि दाबाने तेल झाले, ते वर सरकत चुनखडीच्या छिद्रांत शिरले आणि तेथेच अडकून पडले. कारण मिठातून तेल किंवा वायू सहसा झिरपू शकत नाही. भांड्यावर झाकण बसावे तसे मीठ त्या साठ्यावर बसले.

परंतु ज्या मिठाने हे तेल सांभाळले त्याच मिठाने ते दडवूनही ठेवले. समुद्राखालचे खडक पाहण्याचा उपाय म्हणजे प्रतिध्वनी. जहाजावरून ध्वनिलहरी सोडतात, त्या निरनिराळ्या थरांवर आदळून परततात आणि परतण्यास लागलेल्या वेळावरून थरांची खोली व आकार यांचे चित्र उभे करतात. पाण्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, तर मिठातून सुमारे साडेचार किलोमीटर. पाण्यात धरलेली काठी वाकडी दिसावी तशा या लहरी मिठात शिरताना आणि बाहेर पडताना वळतात. त्यात मीठ सपाट राहत नाही. वरच्या गाळाच्या भाराने ते युगानुयुगे हळूहळू वाहते, कोठे खांबासारखे वर चढते, कोठे पातळ होते. अशा वेड्यावाकड्या थराखालचे चित्र विपर्यस्त उमटते. जेथे उंचवटा नाही तेथे उंचवटा भासतो. जेथे आहे तेथे तो दिसत नाही. हे चित्र सरळ करण्यास अफाट गणित, मोठमोठी संगणकयंत्रे आणि त्याहूनही अधिक म्हणजे त्या खोऱ्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेली माणसे लागतात.

वेधनाचे काम त्याहून कठीण. २,००० मीटरहून अधिक पाणी, त्याखाली गाळाचे खडक, मग मीठ आणि त्यानंतर, समुद्राच्या पृष्ठभागापासून ५,००० मीटरहून अधिक खोलीवर, तेलाचा खडक. दाबाखालचे मीठ पाडलेल्या छिद्रात हळूहळू सरकून ते बुजवू पाहते आणि वेधनाची नळी पकडून ठेवते. काही जातींचे क्षार तर साध्या मिठाहून कितीतरी वेगाने सरकतात. तेलासोबत येणाऱ्या वायूत कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण मोठे असल्यामुळे पोलादही झिजते. एकेका विहिरीवर कोट्यवधी डॉलर खर्च होतात आणि ती कोरडी निघण्याची शक्यता असतेच.

धोका कोणी पत्करला?

हा धोका ब्राझीलमध्ये कोणी पत्करला, हे पाहण्यासाठी काही दशके मागे जावे लागते. ब्राझीलमध्ये तेल आहे आणि परदेशी कंपन्यांना ते बाहेर यावयास नको आहे, असा आरोप मोंतेरो लोबातो या प्रसिद्ध लेखकाने १९३६ साली पुस्तक लिहून केला. गेतुलिओ वर्गास यांच्या हुकूमशाही राजवटीने १९४१ साली त्याला तुरुंगात टाकले. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र ‘तेल आमचे आहे’ या घोषणेखाली विद्यार्थी, कामगार, लष्करी अधिकारी, कम्युनिस्ट आणि राष्ट्रवादी यांची विलक्षण आघाडी उभी राहिली. त्या जनआंदोलनाच्या दबावाखाली, निवडणुकीने पुन्हा सत्तेवर आलेल्या त्याच वर्गास यांनी १९५३ च्या ऑक्टोबरात सार्वजनिक मालकीच्या पेट्रोब्रासची स्थापना करणाऱ्या कायद्यावर सही केली. पेट्रोब्रास ही एखाद्या मंत्र्याच्या टेबलावर जन्मलेली संस्था नव्हे. ती रस्त्यावरच्या चळवळीचे अपत्य आहे.

आरंभीची वर्षे निराशेची होती. पेट्रोब्रासच्या शोधखात्याचा प्रमुख म्हणून नेमलेल्या वॉल्टर लिंक या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९६० साली अहवाल दिला की, ब्राझीलच्या जमिनीवरील खोऱ्यांत मोठ्या साठ्यांची आशा फारशी नाही. राष्ट्रवाद्यांनी त्याच्यावर टीकेची झोड उठविली. जमिनीपुरते त्याचे निदान पुष्कळसे खरे ठरले, हे आज मान्य केले पाहिजे. देशप्रेम कितीही प्रखर असले तरी जेथे तेल नाही तेथे ते त्याच्या बळावर निघत नाही. परंतु खाजगी कंपनीने जेथे गाशा गुंडाळला असता तेथे सार्वजनिक कंपनी टिकून राहिली आणि समुद्राकडे वळली. १९६८ साली समुद्रात पहिला साठा सापडला. १९७४ साली कांपोस खोऱ्यात गारूपा, त्यानंतर १९८४ साली आल्बाकोरा, १९८५ साली मार्लिम आणि १९९६ साली रोंकादोर असे अधिकाधिक खोल पाण्यातले साठे हाती आले. मधल्या काळात, १९७५ साली, लष्करी राजवटीने परदेशी कंपन्यांना ‘जोखीम-करार’ देऊ केले. जोखीम त्यांनी घ्यावी आणि सापडले तर लाभात वाटा मिळवावा, अशी ती योजना होती. त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही आणि १९८८ च्या राज्यघटनेने हे करार पुढे बंदच केले.

पेट्रोब्रासने याच काळात रिओ दि जानेरो येथील आपल्या संशोधनकेंद्रात खोल समुद्राचे स्वतःचे तंत्र घडविले. तेथे आणि देशातल्या विद्यापीठांत भूवैज्ञानिकांच्या, अभियंत्यांच्या पिढ्या तयार झाल्या. मिठाखालचे चित्र वाचण्याचे तंत्र एकट्या ब्राझीलने शोधले असे नव्हे. मेक्सिकोच्या आखातात १९९३ साली अमेरिकी खाजगी कंपन्यांनी मिठाखाली व्यापारी प्रमाणावर तेल शोधले होते आणि तेथील अनुभवाचा उपयोग सर्वांनाच झाला. पण तेथील मीठ खालून वर चढून तुलनेने नव्या गाळावर पसरलेले, तर ब्राझीलमधील मीठ आपल्या मूळ जागी, जुन्या सरोवरांच्या खडकांवर बसलेले. ते खडक तेल साठवू शकतील की नाही, याचे उत्तर मेक्सिकोच्या आखाताचा अनुभव देऊ शकत नव्हता. ते उत्तर सांतोस खोऱ्यातच शोधावे लागणार होते.

२००३ साली लुला दा सिल्वा यांचे सरकार आले आणि गिलेर्मे एस्ट्रेला या जुन्या भूवैज्ञानिकाकडे पेट्रोब्रासच्या शोधविभागाची सूत्रे गेली. २००६ साली तुपी येथे मिठाखाली तेल लागले. ५ ते ८ अब्ज पिंपे तेल काढता येईल, असे २००७ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले. या क्षेत्रात पेट्रोब्रासचा वाटा ६५ टक्के, ब्रिटनच्या बीजी कंपनीचा २५ टक्के आणि पोर्तुगालच्या एका कंपनीचा १० टक्के होता. म्हणजे भागीदार होते, पैसाही त्यांनी घातला. परंतु वेधनाची आणि निर्णयाची धुरा पेट्रोब्रासकडे होती. शेजारच्याच एका क्षेत्रात एक्सॉन या जगड्व्याळ कंपनीने वेधन केले आणि पदरी यश न पडल्यामुळे ते क्षेत्र परत केले. मिठाखाली कोणीही भोक पाडावे आणि तेल उसळावे, असे हे प्रकरण नव्हते.

आज ब्राझील दररोज ३० लाख पिंपांहून अधिक तेल काढतो आणि त्यातील तीन-चतुर्थांशाहून अधिक तेल या मिठाखालून येते.

खात्री पटल्यानंतरची घाई

येथून कथेचा दुसरा भाग सुरू होतो आणि तो समाजवादी कार्यकर्त्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. तुपीची घोषणा होताच ब्राझील सरकारने आसपासची ४१ क्षेत्रे लिलावातून काढून घेतली. हे पाऊल योग्यच होते. जेथे तेल असण्याची बहुतेक खात्री आहे ते क्षेत्र, काहीच माहीत नसलेल्या क्षेत्राच्या अटींवर देणे म्हणजे समाजाने केलेल्या शोधाचे दान करणे होय. २०१० साली नवा कायदा झाला. मिठाखालच्या नव्या क्षेत्रांत उत्पादन-वाटणीची पद्धत आली, पेट्रोब्रासला किमान ३० टक्के वाटा व संचालनाचा अधिकार मिळाला आणि राष्ट्राच्या वाट्याला येणाऱ्या उत्पन्नातून सामाजिक निधी उभारण्याचे ठरले. २०१३ च्या कायद्याने नव्या करारांतून केंद्राला मिळणाऱ्या स्वामित्वधनापैकी ७५ टक्के शिक्षणाला आणि २५ टक्के आरोग्याला राखून ठेवले. तेलाचे रूपांतर शाळेत आणि दवाखान्यात व्हावे, हे कायद्यात लिहिले गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

पण भांडवलदारी पक्षाचा खरा हल्ला शोध लागण्यापूर्वी येत नसतो. तो खात्री पटल्यानंतर येतो. २०१६ साली दिल्मा रूसेफ यांना महाभियोगाने दूर केल्यानंतर मिशेल तेमेर यांच्या राजवटीत पेट्रोब्रासच्या अनिवार्य वाट्याची आणि संचालनाची अट काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी कारकारा या मिठाखालच्या साठ्यातील पेट्रोब्रासचा ६६ टक्के वाटा अडीच अब्ज डॉलरला विकण्याचा करार झाला. हा साठा पेट्रोब्रासने स्वतः वेधन करून २०१२ साली शोधलेला होता. खरेदीदार कोण? नॉर्वे सरकारची बहुसंख्य मालकी असलेली कंपनी! तत्पूर्वी २०१३ साली लिलाव झालेल्या लिब्रा क्षेत्रातही चीनच्या दोन सरकारी कंपन्यांनी प्रत्येकी १० टक्के वाटा घेतला होता. सरकारला उद्योग चालविता येत नाहीत, असे जे ब्राझीलच्या जनतेला रात्रंदिवस सांगत होते, त्यांना परक्या देशाच्या सरकारने ब्राझीलचे तेल चालविण्यास मात्र हरकत दिसली नाही. यावरून स्पष्ट होते की, विरोध सरकारी मालकीला नव्हता. विरोध ब्राझीलच्या कष्टकरी जनतेचा त्या मालकीवर हक्क असण्याला होता.

तेलाच्या किमतीचेही तेच. २०१६ पासून देशात निघणाऱ्या तेलाची किंमत आयात केलेल्या तेलाच्या हिशेबाने ठरू लागली. परिणामी २०१८ च्या मे महिन्यात ट्रकचालकांच्या संपाने अवघा देश ठप्प झाला आणि कंपनीच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. हे धोरण २०२३ साली सोडण्यात आले. दरम्यान २०२२ साली कंपनीला १८८ अब्ज रेआलचा नफा झाला आणि लाभांशाच्या रूपाने प्रचंड रकमा वाटल्या गेल्या. मतदानाचे बहुसंख्य भाग सरकारकडे असले तरी एकूण भांडवलातील सरकारी वाटा निम्म्याहून कमी आहे. म्हणजे त्या लाभांशातील अर्ध्याहून अधिक हिस्सा खाजगी भागधारकांना गेला. त्यांत परदेशी गुंतवणूकदार मोठ्या संख्येने आहेत. शोधाचा खर्च करणारी पिढी एक आणि फळ चाखणारा वर्ग दुसराच!

सरकारीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे

एवढे सांगून थांबणे सोयीचे झाले असते. पण ते प्रामाणिकपणाचे झाले नसते. पेट्रोब्रासवरचा घाला यशस्वी का झाला? कारण किल्ल्याचे दार आतून उघडे होते. २०१४ पासून उघडकीस आलेल्या भ्रष्टाचार प्रकरणात, कंत्राटदारांच्या टोळ्या, कंपनीचे काही वरिष्ठ अधिकारी आणि सत्तारूढ आघाडीतील पक्ष यांचे साटेलोटे निघाले. लाचखोरीपोटी ६.२ अब्ज रेआल कंपनीला आपल्याच हिशेबात बुडीत दाखवावे लागले. त्या तपासात पुढे न्यायाधीश व सरकारी वकील यांनीही मर्यादा ओलांडल्या, लुला यांच्यावरील शिक्षा २०२१ साली रद्द झाल्या, हे सारे खरे. पण लाच दिली-घेतली गेली हेही खरे, आणि ती ज्यांच्या राजवटीत घेतली गेली ते स्वतःला श्रमिकांचे पक्ष म्हणवीत होते. त्याच काळात कंपनीवर १०० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज चढले आणि ते कर्ज दाखवूनच पुढे कारकारासारखे साठे विकण्यात आले.

लिब्राचा लिलावही उजव्या राजवटीने केलेला नव्हता. तो रूसेफ यांच्या श्रमिक पक्षाच्याच सरकारने केला आणि तेल कामगारांनी त्याविरुद्ध संप पुकारला तेव्हा लिलावाच्या जागी सैन्य उभे करण्यात आले. १९९५ साली कार्दोझो सरकारने ३२ दिवसांचा तेल कामगारांचा संप मोडताना तेलशुद्धीकरण कारखान्यांवर सैनिक धाडले होते, त्याची आठवण कामगारांना झाली असल्यास नवल नाही.

कामगारांच्या जिवाचा हिशेबही मांडला पाहिजे. २००१ च्या मार्चमध्ये रोंकादोर क्षेत्रावरील पेट्रोब्रासचा पी-३६ हा अजस्र प्लॅटफॉर्म स्फोटानंतर बुडाला आणि ११ कामगार मेले. २०१० च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात खाजगी ब्रिटिश कंपनीच्या विहिरीवर ‘डीपवॉटर होरायझन’ ही रिग पेटली. तेथेही ११ कामगार मेले. एक मालक सार्वजनिक, दुसरा खाजगी. मालकाची पाटी बदलली म्हणून कामगाराच्या जिवाची किंमत आपोआप वाढत नाही. २००० च्या जानेवारीत पेट्रोब्रासच्या फुटलेल्या नळातून सुमारे १३ लाख लिटर तेल ग्वानाबाराच्या उपसागरात गेले आणि तेथल्या मच्छीमारांची उपजीविका हिरावली गेली, तेव्हा त्या कोळ्यांना हे तेल राष्ट्राचे आहे या विचाराने कोणता दिलासा मिळणार होता?

भारतातील लोकशाही समाजवाद्यांनी हे फार पूर्वीपासून सांगितले आहे की, राष्ट्रीयीकरण ही समाजवादाची आवश्यक पायरी असू शकते, पण ते समाजवाद नव्हे. मालक म्हणून भांडवलदाराच्या जागी नोकरशहा आणि कंत्राटदार बसले, तर जनतेच्या दृष्टीने फक्त दाराची पाटी बदलते. आणि जिला आपली म्हणावी असे जनतेला वाटत नाही, ती संस्था विकली जाऊ लागली की तिच्या रक्षणासाठी रस्त्यावर कोणी उतरत नाही. १९५० च्या सुमारास पेट्रोब्राससाठी ज्या प्रकारची आघाडी उभी राहिली होती, तशी २०१६ साली राहिली नाही, याचे हे एक मोठे कारण होय.

मुंबईच्या समुद्राचा धडा

ही कथा महाराष्ट्राला परकी नाही. ज्या १९७४ साली ब्राझीलला कांपोस खोऱ्यात गारूपा सापडले, त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’चे तेल शोधले. तेथे मिठाचा अडसर नव्हता. तेल चुनखडीत आहे आणि समुद्रही उथळ. पण इतिहासाचा सांगाडा तोच. केशवदेव मालवीय यांच्या आग्रहाने १९५६ साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने समुद्राचे सर्वेक्षण झाले आणि सार्वजनिक पैशाने विहिरी पडल्या.

त्यानंतरही क्रम तोच. आयोगाने शोधलेली पन्ना-मुक्ता ही क्षेत्रे १९९४ साली संयुक्त करारात गेली. आयोगाकडे ४० टक्के उरले. रिलायन्स आणि एन्रॉन यांना प्रत्येकी ३० टक्के मिळाले. ज्या एन्रॉनविरुद्ध दाभोळच्या गावकऱ्यांबरोबर मृणाल गोरे यांच्यासारखे समाजवादी लढले तीच ही कंपनी. एन्रॉन बुडाल्यावर तिचा वाटा २००२ साली बीजीने घेतला. म्हणजे तुपीत २५ टक्के वाटा असलेलीच ती ब्रिटिश कंपनी! जागतिक भांडवलाला भूगोल अडवीत नाही. सार्वजनिक श्रमाने खात्रीचे झालेले क्षेत्र कोठे आहे, एवढेच त्याला पाहावयाचे असते. करार संपल्यानंतर २०१९ साली ही क्षेत्रे पुन्हा सार्वजनिक कंपनीकडे आली. मधल्या पंचवीस वर्षांचे तेल मात्र परत आले नाही.

आणि येथेही आत्मपरीक्षण टळत नाही. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर भागातील प्लॅटफॉर्म जळून २२ माणसे गेली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा तराफा बुडून ७० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य कंत्राटी कामगार होते. सार्वजनिक क्षेत्राच्या समुद्रात काम करणारा, पण सार्वजनिक क्षेत्राचा नोकर नसलेला हा कामगार कोणत्या संघटनेचा, कोणत्या पक्षाचा? या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल तर सार्वजनिक क्षेत्र वाचविण्याच्या घोषणेत बळ येणार नाही.

तेल जमिनीतच ठेवण्याचा अधिकार

एक प्रश्न १९५३ साली कोणासमोर नव्हता, तो आज आहे. खनिज तेलाच्या ज्वलनाने पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि त्याचा पहिला तडाखा कोरडवाहू शेतकऱ्याला व किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला बसतो. तेव्हा मिठाखालचे तेल काढावेच का, अशी शंका प्रामाणिक कार्यकर्त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ब्राझीलमध्येही ती आली आहे. ॲमेझॉनच्या मुखाजवळील समुद्रात वेधन करण्यास तेथील पर्यावरण खात्याने २०२३ साली नकार दिला होता. २०२५ च्या ऑक्टोबरात, बेलें येथील हवामान परिषद काही आठवड्यांवर आली असताना, तोच परवाना पेट्रोब्रासला देण्यात आला. मूळ रहिवाशांच्या संघटनांनी आणि पर्यावरणवाद्यांनी त्याचा निषेध केला. सार्वजनिक कंपनीलाही नफ्याची आणि विस्ताराची चटक लागते, हे यावरून दिसते.

म्हणून सार्वजनिक मालकी सोडून द्यावी काय? मुळीच नव्हे. खाजगी मालक साठा जमिनीत राहू देऊ शकत नाही. कारण न काढलेले तेल त्याच्या दृष्टीने बुडालेले भांडवल असते. किती काढावे, कोठे थांबावे आणि मिळालेल्या उत्पन्नातून तेलाविना चालणारी अर्थव्यवस्था कशी उभारावी, हे ठरविण्याचा अधिकार फक्त समाजच बजावू शकतो. तोही तेव्हाच, जेव्हा ती मालकी खरोखर त्याच्या हाती असेल. काढण्याचा अधिकार सार्वजनिक हवा, तसाच न काढण्याचाही.

यातून मागण्यांची दिशा स्पष्ट होते. समुद्रतळाच्या सर्वेक्षणांची माहिती ही राष्ट्राची संपत्ती मानली जावी. सार्वजनिक खर्चाने खात्रीचे झालेले क्षेत्र संसदेत उघड चर्चा झाल्यावाचून कोणाच्याही हाती जाऊ नये. तेलाच्या उत्पन्नाचा ठराविक भाग शिक्षण, आरोग्य आणि पर्यायी ऊर्जेसाठी कायद्याने राखला जावा व त्याचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे यावा. सार्वजनिक कंपन्यांच्या कारभारात कामगारांचे, त्यांत कंत्राटी कामगारांचे, आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत. सुरक्षिततेच्या कारणास्तव काम थांबविण्याचा हक्क त्यांना असावा. कंत्राटांची कागदपत्रे सर्वांना पाहता यावीत. कारण पेट्रोब्रासला लागलेली कीड याच कागदांच्या अंधारात वाढली.

या मागण्या उरणच्या वायुप्रकल्पाच्या दारात, मुंबईच्या कोळीवाड्यांत आणि पेट्रोलच्या भाववाढीने गांजलेल्या रिक्षाचालकांच्या सभेत मांडता येण्याजोग्या आहेत. त्या मांडताना ब्राझीलचा इतिहास हाताशी असावा, त्याच्या यशासहित आणि अपयशासहित. जे तेल कोणाला दिसत नव्हते ते शोधण्याची चिकाटी तेथील जनतेच्या कंपनीने दाखविली. ते सापडल्यानंतर राखण्याची जागरूकता तेथील जनतेच्या पक्षांना दाखविता आली नाही. पहिल्या गोष्टीचा अभिमान आणि दुसऱ्या गोष्टीचे भान, दोन्ही कार्यकर्त्यांजवळ असले पाहिजे.